मोदकाचे मावसभाऊ

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याहून निघालो. सासूबाईंनी "पौर्णिमा संपली की पितृपक्ष, त्यात कसला प्रवास" हे एकदाच म्हटलं आणि डब्यात मेतकूट, लसणाची चटणी आणि चिक्की भरून दिली. बेत असा: म्यूनिकला गाडी भाड्याने घ्यायची, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात उतरायचं, तिथून इटली, आणि आल्प्सला वळसा घालून पुन्हा म्यूनिक. नऊ दिवस, चार देश. नवरा शाकाहारी. म्हणजे अंडं केकमध्ये किंवा पिठात असेल, दिसत नसेल, तर चालतं. दिसलं की चालत नाही. मी रत्नागिरीची, त्यामुळे मला सगळंच चालतं. गाडी मी चालवणार आणि नकाशा तो वाचणार, हेही पुण्यातच ठरलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हीच कामाची वाटणी टिकली आहे.

पहिला दिवस: म्यूनिक ते साल्झबुर्ग

विमानतळावर गाडी मिळाली ती मॅन्युअल. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिल्या तासात मी चार वेळा खिडकीच्या हँडलशी गिअर शोधला आणि प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू केले. लख्ख उन्हात वायपर फिरवत जाणाऱ्या बाईकडे जर्मन लोक बघतात, पण हॉर्न वाजवत नाहीत. नवरा मात्र दर दोन मिनिटांनी "उजवीकडे, उजवीकडे राहा गं" म्हणत होता. शेवटी मी विचारलं, हे तू मला सांगतोयस की स्वतःला?

ऑस्ट्रियाच्या हद्दीआधी पेट्रोल पंपावर दहा दिवसांचं विनयेट घेऊन काचेवर चिकटवलं. हा महामार्गाचा कर. हे घेतलं की सगळं झालं असा आमचा समज होता. तो दुसऱ्याच दिवशी दूर झाला: टाउएर्न बोगद्याचा टोल वेगळा, कारावांकेन बोगद्याचा वेगळा, परतीच्या वाटेवरच्या ब्रेनरचाही वेगळा.

साल्झबुर्ग म्हटलं की मोत्सार्ट. १७५६ साली तो जन्मला ते गेट्राइडेगासेतलं पिवळं घर बाहेरून बघितलं. आत जायची रांग बघून नवऱ्याने संगीतावरचं प्रेम आवरलं. त्याऐवजी आम्ही मोत्सार्टकुगेल खाल्ले. मध्ये पिस्त्याचं मार्झिपान, त्यावर नुगाचा थर, आणि तो गोळा काडीला टोचून चॉकलेटमध्ये बुचकळायचा. काडी काढल्यावर राहिलेलं भोक चॉकलेटनेच बुजवायचं. १८९० मध्ये फ्युर्स्ट नावाच्या हलवायाने हा लाडू पहिल्यांदा वळला आणि त्याच्या दुकानात तो अजून हातानेच वळतात. चांदीवर निळा छाप असलेला कागद असेल तर तो फ्युर्स्टचा. विमानतळावर डोंगर रचून ठेवलेले सोनेरी-लाल कागदातले गोळे कारखान्यातले. हे आम्हाला सोनेरी-लाल कागदातलं अर्धा किलो घेऊन झाल्यावर कळलं.

रात्री जेवायला कासप्रेसक्नोडल मागवले. शिळा पाव, चीज आणि अंडं एकत्र मळून चपटे गोळे करून तळतात. खरं तर ते गोमांसाच्या सुपात घालून द्यायची पद्धत आहे, पण सॅलडबरोबरही मिळतात. नवऱ्याने पहिला घास घेतला. "कोथिंबीरवडीचा मावसभाऊ," म्हणाला. "कोथिंबीर मेलेला." इथूनच आमचा खेळ सुरू झाला. ताटात जे येईल त्याचं नातं लावायचं.

दुसरा दिवस: साल्झबुर्ग ते ब्लेड

दिवसभर बोगदे. टाउएर्न साडेसहा किलोमीटरच्या आसपास, मग काट्शबेर्ग, मग फिलाखनंतर कारावांकेन, जवळजवळ आठ किलोमीटर. ऑस्ट्रियातून आत शिरायचं आणि स्लोव्हेनियात बाहेर पडायचं. स्लोव्हेनियाचं विनयेट ऑनलाइन घेतलं होतं. तिथे चिकटवायला काहीच नसतं, गाडीचा नंबर नोंदवला की झालं. नवऱ्याने तो नंबर तीन वेळा तपासला आणि बोगद्यात मला चौथ्यांदा वाचून दाखवला.

ब्लेडचं तळं फोटोत दिसतं तसंच दिसतं. याबद्दल मला नेहमी थोडी फसवणूक झाल्यासारखी वाटते. मधोमध बेट, बेटावर चर्च, बाजूला उभ्या कड्यावर किल्ला. बेटावर प्लेतना नावाच्या सपाट तळाच्या नावेने जातात, नावाडी उभ्याने वल्ही मारतो. धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत आणि लग्नाच्या दिवशी नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या अशी रीत आहे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो नावाड्याला विचारत होता की परतायची नाव किती वाजता.

क्रेमश्निता खाल्ल्याशिवाय ब्लेड सोडता येत नाही. खाली-वर खुसखुशीत पापुद्रा, मध्ये कस्टर्डचा जाड थर, त्यावर फेटलेलं क्रीम. सात सेंटिमीटर उंच चौकोन. १९५३ मध्ये इथल्या पार्क हॉटेलात हा प्रकार सुरू झाला. काटा लावला की कस्टर्ड थरथरतं आणि पापुद्रा तुटून बशीबाहेर उडतो. याचं नातं लावता आलं नाही. आपल्याकडे दुधाचं काय काय होतं, पण पापुद्र्यात कोंडून उभं करायची बुद्धी कुणाला झाली नाही.

तिसरा दिवस: संकष्टी

हा दिवस सविस्तर सांगायला हवा.

नवरा संकष्टी करतो. युरोपात सुटी घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही. सकाळी हॉटेलच्या भरल्या टेबलासमोर बसून त्याने एक सफरचंद आणि काळा चहा घेतला. मी त्याच्यासमोर पाव, लोणी, जॅम आणि तीन प्रकारचं चीज खाल्लं. अपराधी वाटलं, पण दुसऱ्या पावापर्यंतच.

क्रान्स्का गोरा गावापासून व्हर्शिच खिंडीचा घाट सुरू होतो. उंची १,६११ मीटर, एकूण ५० वळणं. प्रत्येक वळणावर पाटी, पाटीवर वळणाचा क्रमांक आणि उंची. चढणीच्या बाजूची २४ वळणं अजून दगडी फरसबंदीची आहेत. पावसाची भुरभुर झाली की टायर त्या दगडांवर कुरकुरतात. वरंध्यात आणि आंबा घाटात गाडी चालवलेली असल्यामुळे मला वळणांची भीती नव्हती. भीती होती ती समोरून मधोमध येणाऱ्या मोटरसायकलींची आणि शेजारी "पाच… सहा…" असं मोजणाऱ्या उपाशी माणसाची.

आठव्या वळणाजवळ लाकडी रशियन चॅपल आहे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीला रसद पोचवायला ऑस्ट्रिया-हंगेरीने हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. मार्च १९१६ मध्ये कडा सुटून हिमाची लाट आली आणि कैदी आणि पहारेकरी मिळून शेकडोने माणसं गाडली गेली. उरलेल्या कैद्यांनी आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी हे चॅपल बांधलं. पुढची वळणं नवऱ्याने मोजली नाहीत.

खिंड ओलांडली की सोचा नदी भेटते. तिचा रंग नेमका कसा सांगू? कच्च्या कैरीच्या गराचा हिरवा आणि चुनखडीचा पांढरा एकत्र ढवळला तर. पाणी इतकं गार की मी पाय घातला आणि ओरडले. नवऱ्याने काठावर बसून चिक्कीचं पाकीट उघडलं. शेंगदाणे आणि गूळ उपासाला चालतात, एवढं बरं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास कोबारिडला पोचलो. पोचतो तोच सासूबाईंचा फोन. "चंद्र दिसला बरं का इथे. मी नैवेद्य दाखवला. तूही सोड आता." नवरा म्हणाला, "आई, इथे अजून ऊन आहे." "अरे पण चंद्र एकच ना?" यावर मायलेकांची दहा मिनिटं चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, उपास पुण्याच्या पंचांगाचा, तर चंद्रही पुण्याचा. नवऱ्याचं म्हणणं, भूक कोबारिडची, तर चंद्रही कोबारिडचा. मला वाटलं होतं हा आईचं ऐकेल. सकाळपासून एका सफरचंदावर असलेल्या माणसात इतका तात्त्विक ताठा कुठून येतो, देव जाणे.

वेळ काढायला गावामागच्या टेकडीवर चढलो. वर सेंट अँटनीचं जुनं चर्च आहे आणि त्याला वेढून १९३८ मध्ये बांधलेलं अस्थिस्मारक. सात हजारांवर इटालियन सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत. कोबारिड म्हणजेच इटालियन लोकांचं कापोरेत्तो. २४ ऑक्टोबर १९१७ ला जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी इथली इटलीची फळी फोडली आणि तो पराभव इतका सर्वांगी होता की इटालियन भाषेत 'कापोरेत्तो' हा शब्दच दाणादाण उडण्यासाठी वापरतात. आपल्या पानिपतासारखा. गावातलं संग्रहालय याच लढाईचं आहे. कमानींवर ओळीने कोरलेली नावं बघत आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो. त्यात आमच्या मुलाच्या वयापेक्षा मोठं फारसं कुणी नसणार.

खाली येऊन जेवायला बसलो. आठ वाजले, साडेआठ वाजले. पूर्वेला क्रन डोंगर आडवा उभा, दोन हजार मीटरच्या वर उंच. चंद्र उगवला असेल तर त्याच्यामागे. वाढणाऱ्या मुलीला आम्ही सांगितलं, याला चंद्र बघितल्याशिवाय जेवता येत नाही. तिने अजिबात प्रश्न विचारला नाही. फक्त स्वयंपाकघर दहाला बंद होतं हे सांगितलं आणि दर पाच मिनिटांनी स्वतःच बाहेर जाऊन डोंगराकडे बघून येऊ लागली. नंतर शेजारच्या टेबलावरचे दोन आजोबाही उठून बघायला लागले. साडेनऊनंतर कधीतरी ती दारातून दोन्ही हात हलवत आली. बाहेर गेलो तर क्रनच्या धारेवर चंद्राची कड. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने रस्त्यात उभं राहून हात जोडले आणि पाण्याच्या बाटलीने फुटपाथवर अर्घ्य दिलं.

आणि मग ताट आलं. कोबारिश्की श्त्रुक्ली.

मी आयुष्यात काही हजार मोदक वळले असतील. त्यामुळे ताटातल्या त्या गोष्टीकडे मी नुसतं बघत राहिले. पांढरट, उकडलेल्या, मुठीत मावणाऱ्या पाऱ्या. वर कळी नाही, त्याजागी अंगठ्याने दाबलेला खळगा. मुलीला विचारलं, हे कसं करता? गव्हाच्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं, म्हणाली, आणि गरम असतानाच मळायचं. म्हणजे उकड! आत अक्रोडाचं वाटण, लोण्यात परतलेला पावाचा चुरा, मनुका, साखर, दालचिनी, लिंबाची किसलेली साल. पुड्या बंद करून उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि वरून लोण्यात खरपूस केलेला पावाचा चुरा घालायचा. आपण वर साजूक तूप सोडतो, ते लोणी सोडतात. आपण वाफवतो, ते उकळतात. बस, एवढाच फरक.

नवऱ्याने पाच खाल्ले. सहावा उचलताना त्याने तिला विचारलं की सारणाला हा वास कसला. "रम," ती म्हणाली. "थोडीशीच."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संकष्टी, चंद्रोदय, नैवेद्य, आणि रम. "किती थोडी?" त्याने विचारलं. तिने चमचा दाखवला. तो जरा विचारात पडला, मग म्हणाला, "औषधाइतकी आहे," आणि सहावा खाल्ला. सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "अरे वा, तिथेही मोदक! पण कळ्या पाडता येत नाहीत वाटतं त्यांना."

चौथा दिवस: कोबारिड ते त्रिएस्ते

सोचाच्या काठाने खाली. सोलकान गावाशी रेल्वेचा दगडी पूल आहे. ८५ मीटरची त्याची एक कमान, दगडी कमानीच्या रेल्वेपुलांत जगात सगळ्यात लांब. पुढे नोव्हा गोरित्सा, आणि त्याला लागून इटलीतलं गोरित्सिया. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमारेषा आखली तेव्हा जुनं शहर इटलीत गेलं, म्हणून युगोस्लाव्हियाने पलीकडे नवं शहर वसवलं. रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकातून सीमा जाते. तिथलं कुंपण २००४ मध्ये काढलं. आता फरशीत फक्त एक गोल खूण आहे. आम्ही एक पाय स्लोव्हेनियात आणि एक इटलीत ठेवून फोटो काढला. सगळेच काढतात.

त्रिएस्ते १३८२ पासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाचं होतं. त्या साम्राज्याचं हे मुख्य बंदर. इमारती व्हिएन्नाच्या, हवा समुद्राची, पाट्या इटालियन. कॉफी याच बंदरातून साम्राज्यात जायची, त्यामुळे कॉफीची इथली परिभाषा बाकी इटलीला कळत नाही. 'नेरो' म्हटलं की एस्प्रेसो. 'कापो' म्हणजे थोड्या दुधाची. 'कापो इन बी' मागितली तर तीच कॉफी काचेच्या छोट्या ग्लासात येते. नवऱ्याने ग्लास हातात धरला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घरी आल्याचं समाधान दिसलं. "कटिंग," म्हणाला.

दुपारी न्योक्की दी सुझीने. बटाट्याच्या पिठात अख्खा प्लम, बी काढून त्या जागी साखर. उकडायचं आणि वर लोणी, दालचिनी, साखर, आणि कालचाच तो परतलेला पावाचा चुरा. हे गोड असून जेवणाच्या सुरुवातीला देतात. इटालियन पाहुण्यांना म्हणे हे विचित्र वाटतं. आम्हाला का वाटावं? आपल्या ताटात पुरणपोळी पहिल्या वाढपात असते.

पाचवा दिवस: फेर्रारा

अडीचशे किलोमीटर सरळ महामार्ग, दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं आणि ट्रक. सांगण्यासारखं एकच: टोलनाक्यावर मी पिवळ्या पाटीच्या लेनमध्ये शिरले. ती ज्यांच्या गाडीत यंत्र असतं त्यांची. मागे रांग. इटालियन लोक हॉर्न वाजवतात.

फेर्रारा सायकलींचं शहर आहे. नऊ किलोमीटरचा तट अजून शाबूत, आणि त्यावरून लोक सायकलवर भाजी घेऊन घरी जातात. मध्यभागी एस्ते घराण्याचा पाण्याने वेढलेला किल्ला, १३८५ मध्ये सुरू झालेला. पण आम्ही आलो होतो काप्पेलाच्ची दी झुक्का खायला. टोपीच्या आकाराची पारी, आत लाल भोपळा, चीज आणि जायफळ. वर लोण्यात परतलेली सेजची पानं. भोपळा गोड, चीज खारट, जायफळाचा वास. मी डोळे मिटले तर आजीच्या घारग्यांचा डबा उघडल्यासारखं झालं. नवऱ्याने दोन बशा संपवल्या. "यात नावं ठेवायला काहीच नाही," म्हणाला. पुणेकराकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. त्यात काय होतं ते त्याला दोन दिवसांनी कळणार होतं.

सहावा दिवस: बोलोन्या

गाडी शहराबाहेर ठेवली. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे नंबर टिपतात. हे ज्ञान मला आदल्या दिवशी एका गल्लीत शिरल्यावर झालं. तेव्हा पाटी दिसली होती, पण पाटी वाचणारे गृहस्थ भोपळ्याच्या तंद्रीत होते.

बोलोन्यात ऊन-पाऊस लागत नाही. सगळ्या शहराला मिळून ६२ किलोमीटर लांबीच्या कमानींच्या ओसऱ्या आहेत आणि त्यांतल्या निवडक भागांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. विद्यापीठ १०८८ चं. असिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच, त्याच्या शेजारचा गारिसेंदा इतका कललेला की सध्या भोवतीचा भाग बंद केला आहे.

एका दुकानात काचेमागे बायका पीठ लाटत होत्या. त्यांना स्फोल्यीने म्हणतात. लाटणं हातभर नाही, जवळजवळ मीटरभर लांब. पोळी टेबलभर पसरते आणि शेवटी इतकी पातळ होते की खालच्या लाकडाच्या रेषा दिसतात. मी काचेला नाक लावून उभी राहिले. त्यांतल्या एकीने, साधारण माझ्याच वयाची असेल, लाटण्याच्या टोकाने मला आत ये अशी खूण केली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. तिने लाटणं दिलं, मी लाटलं. माझी पोळी गोल झाली, तिला ती अंडाकृती हवी होती. तिने माझं मनगट धरून दाब कुठे कमी करायचा ते दाखवलं. माझ्या आईनेही असंच धरलं होतं.

इथल्या लोकांचं अन्नावरचं प्रेम कागदोपत्रीही असतं. १९७२ मध्ये त्यांनी ताल्यातेल्ले या पट्टीची शिजल्यावरची रुंदी व्यापारी मंडळात नोंदवून ठेवली: ८ मिलिमीटर, म्हणजे असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. सोन्याची नमुना-पट्टीही करून ठेवली आहे. सदाशिव पेठेत कुणाला हे अजून कसं सुचलं नाही?

मी तोर्तेल्लीनी इन ब्रोदो खाल्ले, नखाएवढे, डुकराच्या मांसाच्या सारणाचे, गरम सुपात. एवढ्याशा पारीला दुमडून बोटावर वळवून टोकं जोडायची. शंभर वळले तर एका माणसाचं पोट भरणार नाही. नवऱ्याला मोठे तोर्तेल्लोनी मिळाले, रिकोट्टाचे. बिनमांसाचं मागितलं की इटालियन वाढपी तोंड वाकडं करत नाही, उलट आणखी दोन प्रकार सांगतो. हे मला म्यूनिकपेक्षा इथे फार जाणवलं.

सातवा दिवस: मोदेना

सकाळी सातला चीजच्या कारखान्यात. पार्मिज्यानो रेज्ज्यानो. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढया, त्यांत आदल्या रात्रीचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध. एका चक्क्याला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि तो चक्का भरतो ४० किलोच्या आसपास. कढईच्या तळाशी जमलेला गोळा दोघे जण कापडात उचलून त्याचे दोन भाग करतात. मग साचे, मग मिठाचं पाणी, मग किमान बारा महिने फळीवर. कोठारात छतापर्यंत चक्के, आणि एक माणूस छोट्या हातोडीने प्रत्येकावर टकटक करून कान लावतो. आत पोकळी असेल तर आवाजातच कळतं. आपण कलिंगड वाजवतो तसं.

आणि मग माहिती देणाऱ्या बाईंनी सांगितलं की दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. नियमच आहे, दुसरं काही चालत नाही.

नवरा थांबला. मी बघत होते, त्याच्या डोक्यात मागचे दिवस उलटे फिरत होते. तोर्तेल्लोनी. भोपळ्याची टोपी. दोन बशा. "म्हणजे काप्पेलाच्चीत…" तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, हो. बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर आल्यावर गाडीला टेकून उभा राहिला. मला वाटलं आता उरलेले दिवस मेतकूट-भात. शेवटी म्हणाला, "कळायच्या आधी खाल्लं ते खाल्लं. आता विचारत जाईन." आणि त्याने खरंच पुढे प्रत्येक ठिकाणी विचारलं. इटलीत असं विचारलं की वाढपी आधी गोंधळतो, मग स्वयंपाकघरात जातो, मग खुद्द आचारीच बाहेर येतो. आमची जेवणं लांबली.

दुपारी बाल्सामिक. जुन्या घराचा माळा, उन्हाने तापलेला, आणि ओळीने लहान लहान होत जाणारी लाकडी पिंपं. द्राक्षांचा रस आटवून मोठ्या पिंपात घालतात. दर वर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं आणि ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची, अशी भर शेवटपर्यंत. किमान बारा वर्षं, जुनं म्हणायचं तर पंचवीस. घरात मुलगी जन्मली की पिंपांची एक ओळ लावायची आणि ती तिच्याबरोबर सासरी द्यायची, अशी इथली जुनी चाल. पारंपरिक बाल्सामिक १०० मिलिलिटरच्या एकाच ठरावीक बाटलीतून विकतात. ती बाटली ज्युजारोने रेखली. आपल्याकडे एकेकाळी धावणारी माटीझ गाडी ज्याच्या हातची, तोच हा. चमच्यावर एक थेंब दिला. आंबट, गोड, जुन्या लिंबाच्या लोणच्यासारखा काळा. घरी मुरलेलं लोणचं सात वर्षांचं आहे ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी आदराने मान हलवली.

आठवा दिवस: बोल्झानो

व्हेरोनाच्या बाजूने वर, पुन्हा डोंगर. बोल्झानो इटलीत आहे, पण पाट्या आधी जर्मन बोलतात की इटालियन हे गावागणिक बदलतं. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीला मिळालं. माणसं होती तिथेच राहिली.

ओट्झीला भेटलो. १९ सप्टेंबर १९९१ ला डोंगर चढणाऱ्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून वर आलेलं प्रेत दिसलं. ते निघालं सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचं. छोट्या खिडकीतून त्याला बघायचं, आत उणे सहा अंश. त्याच्या पोटातलं शेवटचं जेवणही ओळखता आलं: रानबकऱ्याची चरबी आणि मांस, हरीण, आणि आपल्या खपलीच्या भावकीतला एक जुना गहू. "याला रेनेट विचारायची सोय नव्हती," नवरा म्हणाला.

रात्री यादीत कानेदेर्ली दिसले. आले तर काय, साल्झबुर्गचे क्नोडल, इटालियन नाव लावून. शेजारी श्लुट्सक्राप्फन: पालक आणि ताज्या चीजचं सारण, अर्धचंद्र, कडा दाबून बंद केलेल्या. करंजी, फक्त उकडलेली. नवऱ्याने चीजची चौकशी केली. आचारी आला, म्हणाला आतलं चालेल, वरचं किसलेलं काढून देतो. नुसत्या लोण्यावर आल्या. मला त्या जास्त आवडल्या, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

नववा दिवस: ब्रेनरवरून म्यूनिक

ब्रेनर खिंड १,३७० मीटरवर. सीमेवर थांबवायला कुणी नाही, फक्त ट्रकची न संपणारी रांग. पुढे युरोपाब्र्युके पूल, दरीपासून १९० मीटर उंच. वरून जाताना यातलं काहीच कळत नाही, कठडा दिसतो आणि संपतो. जर्मनीत शिरताना मात्र पोलिसांनी गाडी हळू करायला लावून आत डोकावलं. मागच्या सीटवर पिझ्झाची खोकी, बाल्सामिकची एवढीशी बाटली आणि सोनेरी-लाल कागदातला मोत्सार्ट. जाऊ दिलं.

गाडी परत दिली. ओरखडा एक, तोही आधीचाच. नवऱ्याने पहिल्या दिवशी सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, ते दाखवले. पाटीवाल्या गल्लीचा दंड मात्र तीन महिन्यांनी घरी आला, फोटोसह. फोटोत नंबर स्वच्छ दिसतो.

पुढच्या संकष्टीला मी मोदकांत अक्रोडाचं सारण केलं. तांदळाची उकड, कळ्या अकरा, आत अक्रोड, मनुका, दालचिनी, लिंबाची साल. रम अर्थातच घातली नाही. सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, एक मोदक फोडला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालाय. पण सारणात काहीतरी कमी आहे गं. काय विसरलीस?"

नवरा खाली मान घालून तूप वाढून घेत होता.